झाडावर चढायची हौस आणि गावभरची झाडं पाडायची बेगार

धुऱ्यावरचा
नमस्कार मंडळी. धागा काढू की नको असं आठवडाभर चाललं होतं. पण शेजारच्या काकू आता रोज सकाळी कुंपणावरून विचारतात, म्हणून काढतोच.

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. कृषी केंद्र आहे, थोडं वावर आहे. झाडावर चढायचं वेड लहानपणापासूनचं, ते चाळिशीतही गेलं नाही. तीन वर्षांपूर्वी एका गिर्यारोहण शिबिरात दोर, हार्नेस, गाठी शिकलो आणि डोक्यात आलं, कडा शोधत सह्याद्रीत कशाला जायचं, आपल्या धुऱ्यावर चिंच आहे की. तेव्हापासून रविवारी पहाटे साडेपाचला चिंचेवर. तोडायचं काही नाही, पाडायचं काही नाही. तीस-पस्तीस फुटांवर तीन फांद्या फुटतात तिथं बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, ऊन तापायच्या आत खाली. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "घरात नाहीत, झाडावर आहेत."

घोटाळा इथून पुढे. "तू त चढूनच राहिला ना, मंग एवढी फांदी तोडून दे." असं करत करत दीड वर्षात एक शेवगा, एक बोर, दोन निंब आणि सरपंचांच्या घरामागचा सुबाभूळ झाला. मोबदला: चहा, तुरीची डाळ पाच किलो, एक कोंबडी (आम्ही माळकरी, परत केली) आणि एका निंबाच्या वेळी सोळा कवेलू फुटले म्हणून आठ दिवस अबोला.

आता काकूंचा निंब. दोन वर्षांपासून उभा वाळलेला आहे. घराकडे कललाय, खाली कवेलूचं छप्पर, बाजूनं विजेची सर्व्हिस वायर. मृगाच्या आत पाडून दे म्हणतात. दोन प्रश्न आहेत. एक, हे काम मी करावं का? दोन, पैसे मागावे का, आणि शेजारणीला कसे मागायचे?

वऱ्हाडी_ठेचा
चढला तवा माकड, पडला तवा बह्याड, आन् कवेलू फुटले की 'भरून दे'. गावाचा हिशोब असाच असते भाऊ. कोंबडी परत केली हे मात्र चुकलं. मले सांगतलं असतं.

मुळा_मुठा
मूळ प्रश्न बाजूला ठेवून विचारते, झाड पाडायलाच हवं का? कडुनिंब चिवट असतो, छाटला की पुन्हा फुटतो. आमच्या सोसायटीत एक वाळलेला समजला होता, पावसाळ्यात पालवी आली.

धुऱ्यावरचा
ताई, मीही वाट पाहिली. दोन पावसाळे गेले, एक पान नाही. काकूंनी शौचालयाचा खड्डा खोदला तेव्हा एका बाजूची जाड मुळं तोडली होती. आता साल हाताने निघते, खाली वाळवीची माती, आणि बुडाशी छत्र्या उगवल्यात. ताटलीसारख्या, लाकडासारख्या कडक.

मुळा_मुठा
मग पाडा. पण एक नवीन लावून घ्या काकूंकडून.

वऱ्हाडी_ठेचा
लावतीन ना. त्याच खड्ड्यापाशी.

मोहफूल
मी धानोऱ्याकडची, गडचिरोली जिल्हा. शाळेत शिकवते. तुमचा पहिला परिच्छेद वाचून बरं वाटलं. कारण इकडे चढण्याचा आणि तोडण्याचा संबंध उलटा आहे. चढता येईना म्हणून तोडतात.

चारोळीचं झाड घ्या, आम्ही त्याला चार म्हणतो. मे महिन्यात फळ काळं होतं. पूर्वी पोरं शेंड्यापर्यंत जाऊन घडानं फळ काढायची. आता घाई. दुसरा नेईल म्हणून अर्धकच्चं असतानाच कुऱ्हाडीनं फांदीच खाली घेतात, बसून तोडतात. पुढच्या वर्षी त्या फांदीला फळ कुठून येणार? मोहाचं तसं नाही. फूल पहाटे आपोआप गळतं, खाली झाडून ठेवलं की वेचायचं. म्हणून मोहाला सहसा कोणी हात लावत नाही.

आणि हो, मीही चढायची. आजी म्हणायची, बाईमाणूस चढलं की झाड वाळते. आमच्या अंगणातल्या आंब्यावर मी बारा वर्षं चढले, तो अजून पाडाला येतो. आजीला दाखवायचं राहून गेलं.

संत्रामोसंबी
चढण्यावरून आठवलं, डाबडुबली कोणी खेळलंय का? ज्याच्यावर राज्य तो काडी आणायला पळणार, तोवर बाकीचे झाडावर. मग तो वर चढून शिवणार आणि आपण फांदीवरून खाली उडी टाकून काडीला हात लावणार. वरुडला आमच्या शाळेमागे एक वड होता, त्याच्या खालच्या फांद्या आमच्या चड्ड्यांनी गुळगुळीत झाल्या होत्या.

मुळा_मुठा
याला सूरपारंब्या म्हणतात.

संत्रामोसंबी
तुमच्याकडे म्हणतात. आमच्याकडे डाबडुबली.

वऱ्हाडी_ठेचा
पायाखालून काडी फेकताना जो निरा ढुंगणावर पडे तो मी. नाव कोणतंही ठेवा.

निवृत्त_बीट
वनखात्यात ३१ वर्षं काढली, म्हणून कायद्याचं सांगतो. बऱ्याच जणांचा समज असतो की माझ्या वावरातलं झाड, मी काहीही करीन. तसं नाही. महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोड नियमनाचा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन ही झाडं आहेत, शिवाय खारफुटी, जी आपल्याकडे असण्याचा प्रश्न नाही. यातलं झाड स्वतःच्या जमिनीवर असलं तरी आधी परवानगी. निंब, बाभूळ, सुबाभूळ त्या यादीत नाहीत. पण नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा शहरी कायदा लागतो आणि तिथं निंबालाही परवानगी लागते. खेड्यात असाल तरी ग्रामपंचायतीत एक अर्ज देऊन पोच घेऊन ठेवा. वाळलेलं आहे, घराला धोका आहे, दोन फोटो. उद्या कोणी तक्रार केली तर तोच कागद कामी येतो.

दुसरं, ढोली पाहा. वाळलेल्या निंबात पिंगळा किंवा पोपट हमखास असतो. अंडी-पिल्लं असतील तर महिनाभर थांबा. घरटं मोडणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे.

धुऱ्यावरचा
साहेब, अर्ज उद्याच देतो. ढोली आहे, आत काय आहे पाहिलं नाही.

दोरखंड
मूळचा दारव्ह्याचा, सध्या दोरावर लटकून उंच इमारतींची कामं करतो, अधूनमधून झाडांचीही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. नको. निदान वर चढून नको.

तुझी रविवारची चढाई आणि काकूंचा निंब या दोन वेगळ्या विद्या आहेत. चिंचेवर तू दोर टाकतोस ती फांदी जिवंत आहे, मांडीएवढी आहे, वाकते पण सोडत नाही. वाळलेल्या झाडावर तुझा जीव ज्या फांदीवर टांगलेला असतो तिची परीक्षा तुझंच वजन घेतं. त्यात बुडाशी कडक छत्र्या म्हणतोस, म्हणजे मुळाकडचं लाकूड आतून कुजलेलं. वर फांदी कापलीस की झाडाला हिसका बसतो. तो हिसका बुड सोसेल याची खात्री तुझ्यापाशी नाही.

आता वजन. एक फूट जाडीचा, सहा फूट लांबीचा ओला ओंडका साधारण सव्वा क्विंटल भरतो. वाळलेला हलका, पण फार हलका समजू नकोस. तोच ओंडका दोराला बांधून सोडला आणि तीन हात पडून दोर ताणला गेला, तर तो धक्का ओंडक्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. विहिरीचा नाडा त्यासाठी नसतो.

जिवंत फांदी छाटताना लोक थेट वरून करवत लावतात. अर्ध्यात आल्यावर फांदी वजनानं खाली येते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून चौथाई कापायचं, मग त्याच्या चार बोटं पुढे वरून कापायचं. फांदी गेली की उरलेला खुंट, खोडाला जिथं सुजल्यासारखी कड असते तिच्या बाहेरून काढायचा. ती कड कापली तर जखम भरत नाही.

बुडातून पाडायचं तर ज्या बाजूला पाडायचं तिकडे खाच घेतात, मागून काप घेतात, आणि मध्ये थोडं लाकूड मुद्दाम शिल्लक ठेवतात. ते दाराच्या कब्जासारखं काम करतं, झाडाला दिशा देतं. ओलं लाकूड हा कब्जा पडेपर्यंत धरतं. वाळलेलं काडकन तुटतं, मग झाड आपल्या मनानं जातं. तुझ्याकडे ते घराकडे कललंय, म्हणजे त्याचं मन कुठं आहे ते ठरलेलंच आहे.

निव्वळ हौशीनं दोरावर झाडं चढायची चळवळ तुझ्या एकट्याची नाही बरं का. अमेरिकेत अटलांटात पीटर जेन्किन्स नावाच्या माणसानं १९८३ साली त्यासाठी संस्थाच काढली, ट्री क्लाइंबर्स इंटरनॅशनल. आधी कडे चढायचा, मग झाडांची कामं करू लागला, आणि त्यातून लोकांना नुसतं वर बसायला शिकवू लागला. तुझा प्रवास उलटा चाललाय. नुसतं वर बसणाऱ्याला गाव कामाला लावतंय.

वऱ्हाडी_ठेचा
"त्याचं मन कुठं आहे ते ठरलेलंच आहे." हे माह्या सालदाराले ऐकवतो.

संत्रामोसंबी
दोरखंड भाऊ, उत्तम माहिती. पण जरा जास्तच घाबरवताय. आमच्याकडे बागेत वाळलेली झाडं दरवर्षी निघतात, निसणी लावायची, कुऱ्हाड घ्यायची. आजोबांपासून चालू आहे. दोर, हेल्मेट, हे सगळं शहरातल्या विम्याचं.

दोरखंड
संत्र्याचं झाड निसणीवरून शेंड्याला हात लागतो. निंब चाळीस फुटी. आणि निसणीवर उभं राहून कटर मशीन चालवणारे पाहिलेत मी. साखळीचं टोक फांदीला अडलं की मशीन उलटं तोंडावर येतं. दोन्ही हात मशीनला, निसणी धरायला कोणी नाही.

कुऱ्हाडवाल्याचा_पोरगा
बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो.

माझे वडील गावात झाडं तोडायचे. गुत्त्यानं. मजुरी थोडी आणि वरचं जळतण आपलं. दोर कधी लावला नाही. पायात काही नाही, करदोट्याला विळा, कुऱ्हाड खालून दोरीनं ओढून घ्यायचे. चढायच्या आधी खोडावर तळहातानं दोनदा थोपटायचे आणि कान लावायचे. मला वाटायचं नमस्कार करतात. ते पोकळ आहे का ऐकत होते.

पडले ते तोडताना नाही. जांभळं काढताना पडले, मृगाच्या आधी, बाजाराच्या दिवशी. मी खाली धोतराचं जुनं पान दोन हातांनी ताणून उभा होतो, जांभळं मातीत पडून फुटू नयेत म्हणून. चिंच तुटायच्या आधी करकरते, माणसाला सांगते. जांभूळ सांगत नाही. मला आवाज आलाच नाही. आधी धोतरात चारपाच जांभळं पडली, मग फांदी, मग ते, माझ्यापासून दोन हातांवर. उठायचा प्रयत्न केला, हात टेकले, कंबर उठेना. तेव्हाही म्हणाले, "जांभळं पाह्य."

चार माणसांनी हातपाय धरून उचललं आणि बंडीत टाकलं. तालुक्याला न्यायला दीड तास. पुढं एका डॉक्टरनं सांगितलं, पडताना जेवढं झालं त्यापेक्षा जास्त उचलताना झालं असेल. नऊ वर्षं खाटेवर होते. म्हणून एवढंच सांगतो, कोणी पडलं तर हलवू नका. मान-कंबर सरळ राहील असं तिथंच ठेवा, १०८ ला फोन करा, गाडी येईस्तोवर सावली धरा. दारावर किंवा फळीवर सरकवून घ्यायचं, लोंबकळत नाही.

आता पैशाचं. धुऱ्यावरचे दादा, राग मानू नका. तुम्ही चहावर झाडं पाडता तेव्हा आमच्या गल्लीतल्यासारख्या दोन घरांची रोजी जाते. तुमची ती हौस. त्यांच्याकडे मग लोक म्हणतात, "तो दुकानवाला फुकटात करून देते, तू काहून हजार मागतं?"

धुऱ्यावरचा
राग कसला. ही बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती, खरं सांगतो. मी स्वतःला उपकार करणारा समजत होतो.

मोहफूल
वडिलांचं वाचून थांबले थोडा वेळ.

निवृत्त_बीट
जांभळाबद्दल अगदी बरोबर. शेवग्याचंही तेच, पण शेवग्यावर कोणी फार उंच जात नाही. पावसाळ्यात तर खोडावर शेवाळ असतं, कोणत्याच झाडावर जाऊ नये. आणि आग्या मोहोळ पाहून घ्या. खालून काळं पोतं लटकल्यासारखं दिसतं. एकदा उठलं की दोराला लटकलेल्या माणसाला पळायला जागा नाही.

वऱ्हाडी_ठेचा
मोहोळ सोडा, लाल मुंग्या. एकदा आंब्यावर चढलो, शेंड्यावर पानं शिवलेलं घरटं होतं, त्यावरच हात. पँट झाडावर सोडून खाली आलो. खाली मामाजी उभे. त्याच महिन्यात लग्न ठरलं होतं.

मोहफूल
त्या मुंग्यांची चटणी करतात आमच्याकडे. माडिया घरी खाल्ली आहे, आंबट, झणझणीत. तुम्ही पँट सोडली, आम्ही टोपली घेऊन गेलो असतो.

मुळा_मुठा
मोबदल्याबद्दल माझं वेगळं मत. पैसे घेतले की जबाबदारी येते. फुकट केलं तर निदान कोणी भरपाई मागणार नाही.

धुऱ्यावरचा
ताई, सोळा कवेलू फुकटातच फुटले होते.

पिंगळा
वायरबद्दल कोणीच बोललं नाही. मी लाइनमनचं काम केलंय. सर्व्हिस वायरीचं रबर उन्हानं तडकलेलं असतं. लाकूड वाळलेलं असलं तरी पहाटेच्या दवानं दोर ओला होतो आणि ओला दोर करंट नेतो. अॅल्युमिनियमची निसणी तर नकोच. वीज कंपनीच्या कार्यालयात अर्ज द्या, त्या दिवशी खांबावरून वायर सोडवून घ्या. नुसतं घरातलं मेन स्विच पाडून उपयोग नाही, खांबापासून मीटरपर्यंत करंट असतोच. हे सांगूनही दहातले आठ जण स्विच पाडून "बंद केलं" म्हणतात.

आणि आयडी पिंगळा असल्यामुळे विनंती, ढोली पाहा.

धुऱ्यावरचा
(तीन आठवड्यांनी)

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. निंब पडला. मी पाडला नाही, पण हात होता.

ढोलीत आधी मोबाइल काठीला बांधून व्हिडिओ काढला. पिंगळा नव्हता, सरड्याची कात आणि कोणाचा तरी हरवलेला प्लॅस्टिकचा चेंडू होता. अर्ज दोन्हीकडे दिले. लाइनमन दुसऱ्या चकरेत आला, वायर खांबावरून सोडवली. मग कुऱ्हाडवाल्याच्या पोरानं लिहिलं ते डोक्यात होतं म्हणून आमच्याच गावातले दोघे भाऊ, जे हे काम करतात, त्यांना बोलावलं. काकूंशी पैशाचं मीच बोललो. वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. "दोन हजार आन् अर्धं जळतण." काकू म्हणाल्या, "अर्धं नाही, तिसरा हिस्सा." ठरलं.

काकूंच्या अंगणात निंबापासून पंधरा फुटांवर जुनी चिंच आहे, हिरवीगार. दोरखंडनी खासगीत अर्धा तास फोनवर समजावलं. मी चिंचेवर चढलो, तिथून कप्पी टांगली, आणि निंबाची एकेक फांदी त्या दोरावर घेतली. खाली चिंचेच्याच बुडाला दोराचे तीन वेढे, एक भाऊ ढील देणार. दुसरा भाऊ निंबावर चढला नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली लावली, तिच्यात उभं राहून लांब दांड्याची करवत. शेंड्याच्या दोन फांद्यांपर्यंत हात पोचला नाही, त्या खोडाबरोबरच आल्या. खोड घराच्या उलट बाजूला दोरानं ताणून ठेवलं होतं.

बुड कापताना करवत दोन मिनिटं चालली आणि एकदम आत गेली. मोठा भाऊ थांबला, बोटानं काप मोठा केला. आतून ओल्या चहापत्तीसारखा भुगा सांडायला लागला. चार बोटं लाकूड होतं फक्त, सगळीकडून. मध्ये माझी मूठ कोपरापर्यंत गेली. मी काही बोललो नाही, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, तुमी यावर चढनार होते?"

कवेलू फुटले तीन. भरून दिले दोघा भावांनी, माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

दोरखंड
चार बोटं. वाचून घाम आला. ट्रॉलीत उभं राहणंही मला फारसं पटलेलं नाही हे नोंदवून ठेवतो, पण चिंचेवरून कप्पी हे बरोबर केलंस.

कुऱ्हाडवाल्याचा_पोरगा
त्या दोघांना माझा नमस्कार सांगा.

मुळा_मुठा
नवीन झाड लावलं का?

धुऱ्यावरचा
काकूंनी शेवगा लावला. तोही कुंपणाला चिकटून, माझ्या बाजूला. आणि काल दुसऱ्या गल्लीतले गुरुजी दुकानात आले होते. युरिया घेतला, सुट्टे मोजले, जाता जाता म्हणाले, "आमच्या भिंतीत एक पिंपळ निघालाय."

वऱ्हाडी_ठेचा
पिंपळाले हात लावजो नको. त्याच्यावरचा मुंज्या तुह्या दुकानात उधारीवर खत मागाले येईन.

संत्रामोसंबी
भिंतीतला पिंपळ वेगळा धागा होईल. तोवर डाबडुबलीत काडी किती लांब फेकायची, यावर कोणी बोलेल का? आमच्याकडे यावरून भांडणं व्हायची.

वऱ्हाडी_ठेचा
फेकनारा ढुंगणावर पडला की जिथं गेली तिथं.